‘नॉर्मल’ ब्रेकची तक्रार

गेल्या जानेवारीतली गोष्ट. मिशिगनची जानेवारी म्हणजे बाहेर उणे बारा, रस्त्याच्या दोन्ही कडांना मळकट बर्फाचे ढिगारे, आणि गाडीत हीटर चालू असूनही हातमोजे काढवत नाहीत. सिग्नलला थांबलो होतो. मागे लेक तिच्या सीटमध्ये बांधलेली, शेजारी बायको, माझा पाय ब्रेकवर. आणि तो पाय हळूहळू खाली चालला. मी दाबत नव्हतो, नुसता ठेवला होता. भिजल्या वाफ्यात पाय रुतावा तसं पेडल खाली जात होतं, आणि गाडी इंचाइंचानं पुढच्या स्कूल बसकडे सरकत होती. दचकून जोरात दाबलं. पेडल एकदम घट्ट झालं, गाडी थांबली.

“काय झालं रे?” बायकोनं विचारलं.

“काही नाही, पाय सरकला,” मी म्हणालो. ते खोटं होतं, हे मला बोलतानाच माहीत होतं.

गाडीचं नाव इथं सांगत नाही. एका मोठ्या कंपनीची लक्झरी एसयूव्ही, सात सीटची, किंमत 70 हजार डॉलरच्या वर, 72 महिन्यांचं कर्ज. घेतली त्या दिवशी देवळाच्या पार्किंगमध्ये चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आणि फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. कराडला मामींनी तो शेजारपाजारी दाखवला. परदेशात आलेल्या माणसाची गाडी ही त्याच्या एकट्याची नसते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणूनच तिचे ब्रेक धड नाहीत, हे कुणाला सांगायला जीभ रेटत नाही.

सर्व्हिस सेंटरला पहिल्यांदा गेलो. काचेचा दिवाणखाना, चामड्याचे सोफे, कॉफीचं मशीन. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर अत्यंत गोड. दोन तासांनी म्हणाला, “आमच्या टेक्निशियननं दहा मैल चालवून पाहिली. काहीच सापडलं नाही.” दुसऱ्यांदा गेलो तर म्हणाला, “पेडलचा हा फील या मॉडेलमध्ये नॉर्मल आहे.” तिसऱ्यांदा त्यानं मला बाजूला घेऊन, ब्रेक कसा दाबावा हे समजावलं. मी वीस वर्षांचा असल्यापासून गाडी चालवतोय, त्यातली सहा वर्षं पुण्यात. असो.

तिन्ही वेळा बिल शून्य. शून्य बिलाचा मला आनंदच झाला होता. बिल नाही म्हणजे कागदही नाही, हे लक्षात यायला वेळ लागला.

रविवारी अण्णांना फोन केला. अण्णांनी 31 वर्षं एसटी चालवली, आणि त्याआधी चार वर्षं साखर कारखान्याची जीप. मी सहज बोललो, तर ते गप्पच झाले. मग म्हणाले, “गाडी उभी कर. इंजिन चालू ठेव. ब्रेकवर पाय हलका ठेव, जोर लावू नको. मिनिटभर थांब. पेडल बसत गेलं तर मास्टर सिलिंडरचं किट गेलंय. बाहेर तेलाचा थेंब दिसणार नाही तुला.”

“अण्णा, त्यांच्याकडे कॉम्प्युटर लावून तपासतात.”

“कॉम्प्युटरला पाय आहेत का? आणि लिहून दिलंस का त्यांना?”

“तोंडी सांगितलं तीनदा.”

“तोंडी सांगितलं म्हणजे सांगितलंच नाही. आम्ही रात्री दोनला गाडी आगारात लावली तरी बिघाड वहीत लिहिल्याशिवाय घरी जायचो नाही. सकाळी ती गाडी घेणारा दुसराच असायचा.”

हे शेवटचं वाक्य मला तेव्हा नुसतंच ऐकू आलं. त्याचा अर्थ नंतर कळला.

आता थोडं तंत्राचं, कारण त्यातच सगळी मेख आहे. आपण पेडल दाबतो तेव्हा मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ब्रेक ऑइल पुढे ढकलतो. ते नळ्यांतून चाकांपर्यंत जातं आणि पॅड डिस्कला घट्ट धरतात. दट्ट्याभोवती रबरी कडा असतात. त्या झिजल्या की तेल पुढे जाण्याऐवजी आतल्या आत मागे निसटतं. बाहेर गळती नाही, तेलाची पातळी कमी होत नाही, डॅशबोर्डवर दिवा लागतोच असंही नाही. गंमत अशी, की जोरात दाबलं तर त्याच दाबानं रबराची कडा भिंतीला चिकटते आणि ब्रेक ठणठणीत लागतात. सिग्नलला पाय हलका असतो तेव्हाच पेडल बसतं. म्हणजे टेस्ट ड्राइव्हला निघालेला टेक्निशियन मोकळ्या रस्त्यावर खाडकन ब्रेक मारून पाहतो आणि प्रामाणिकपणे लिहितो, ‘दोष आढळला नाही’. तो खोटं बोलत नसतो. तो फक्त ज्या परिस्थितीत दोष दिसतो, ती परिस्थिती तयार करत नसतो.

हे मला चांगलंच कळतं, कारण माझा धंदाच तो आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले बग बंद करताना एक शेरा मारतो, ‘कान्ट रिप्रोड्यूस’. माझ्याकडे घडवून दाखवता आलं नाही, सबब प्रश्न मिटला. दोन वर्षांपूर्वी एका ग्राहक कंपनीतल्या बाईंनी कळवलं, की महिन्याच्या शेवटच्या दिवशी पगाराची बेरीज चुकते. मी दोनदा हाच शेरा मारून बंद केलं. तिसऱ्यांदा त्यांनी तारीख, वेळ आणि स्क्रीनचे फोटो पाठवले, तेव्हा कळलं की टाइम झोनचा घोळ आहे. रात्री आठनंतर काम केलं तर आमच्या सर्व्हरवर पुढचा महिना उजाडलेला असायचा. रोज रात्री भारतात फोन करताना ‘तिकडे आत्ता उद्या आहे’ असं म्हणणाऱ्या माणसाला हे सुचू नये! त्या बाई चिवट नसत्या तर तो बग आजही तिथंच असता.

चौथ्यांदा गेलो तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ होता: पेडल, शेजारी पट्टी धरलेली, 70 सेकंद. आणि टेक्निशियनला शेजारच्या सीटवर बसवून तसंच करून दाखवलं. त्यानं पाहिलं, “हं” म्हणाला, आणि मॅनेजरला बोलवायला गेला. मास्टर सिलिंडर फुकट बदलून मिळाला. कागदावर मात्र त्यांनी लिहिलं, ‘ग्राहकाच्या समाधानासाठी भाग बदलला’. दोष होता म्हणून बदलला, असं नाही. मी कटकट्या होतो म्हणून!

शब्द किती जपून वापरले जातात याचं जगजाहीर उदाहरण आहे. जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचमध्ये दोष होता. चालत्या गाडीत किल्ली फिरून इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅग उघडायच्या नाहीत. कंपनीनं नेमलेल्या नुकसानभरपाई निधीनं पुढे 124 मृत्यूंची जबाबदारी मान्य केली. 2014 मध्ये अमेरिकन सरकारशी झालेल्या समझोत्यात कंपनीला साडेतीन कोटी डॉलरचा दंड झाला, आणि त्याच कागदपत्रांतून कर्मचाऱ्यांसाठी 2008 मध्ये केलेलं एक सादरीकरण बाहेर आलं. त्यात कोणते शब्द लिहू नयेत याची यादी होती. ‘प्रॉब्लेम’ लिहू नका, ‘इश्यू’ किंवा ‘कंडिशन’ लिहा. ‘डिफेक्ट’ लिहू नका, ‘डिझाइनप्रमाणे काम करत नाही’ असं लिहा. टाळायच्या शब्दांत ‘टायटॅनिक’ आणि ‘हिंडेनबर्ग’सुद्धा होते. हे वाचल्यापासून ‘नॉर्मल’ हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात.

पण माझी खरी तक्रार कंपनीबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे.

आमच्या गावात मराठी मंडळींचा एक ग्रुप आहे. गणपतीची वर्गणी, डब्याची चौकशी, जुना पाळणा कुणाला हवाय का, असा. मी भीत भीत लिहिलं, की या मॉडेलमध्ये कुणाला ब्रेकचा त्रास आहे का? ग्रुपवर शुकशुकाट. तासाभरात मात्र खासगी मेसेज यायला लागले. एक, दोन, करत करत पाच. कुणाचं पेडल गॅरेजमधून मागे घेताना बसायचं, कुणाचं ड्राइव्ह-थ्रूच्या रांगेत. एकाच्या बायकोनं तर गाडी चालवायचंच सोडलं होतं. पाचही जणांना सर्व्हिस सेंटरनं नॉर्मल असल्याचं सांगितलेलं. आणि पाचांपैकी एकानंही कुठे लेखी तक्रार केलेली नव्हती.

का नाही केली? कारणं ऐकण्यासारखी होती. एकाचं ग्रीन कार्ड अडकलंय, ‘उगाच सरकारी कागदावर नाव कशाला?’ दुसऱ्याला पुढच्या वर्षी गाडी विकायची आहे, बोभाटा झाला तर भाव पडेल. तिसरा वाहन उद्योगातच नोकरीला आहे. चौथा म्हणाला, “अरे, आपल्या एकट्याच्या लिहिण्यानं काय होतंय?” यातलं एकही कारण मला हास्यास्पद वाटलं नाही. मीही चार महिने गप्प होतो आणि माझ्याकडे तर यांपैकी एकही कारण नव्हतं. मला फक्त लाज वाटत होती.

तेव्हा या शंकांचं एकेक करून. अमेरिकेत राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन नावाची सरकारी यंत्रणा आहे, एनएचटीएसए. तिच्याकडे कुणीही तक्रार करू शकतो. नागरिकत्व विचारत नाहीत, व्हिसा विचारत नाहीत. गाडीचा 17 अक्षरी व्हिन नंबर आणि काय घडलं ते लिहायचं. तक्रार लोकांना वाचायला खुली होते, तुमचं नाव-पत्ता नाही. मला फॉर्म भरायला वीस मिनिटं लागली. त्यातली दहा ‘पेडल बसतं’ला इंग्रजीत काय म्हणावं यात गेली.

एकट्याच्या लिहिण्यानं काय होतं? 2010 ची टोयोटा प्रियस आठवा. खडबडीत रस्त्यावर किंवा खड्ड्यावरून जाताना क्षणभर ब्रेक लागतच नाहीत असं वाटतं, अशा तक्रारी मालकांनी केल्या. त्या वर्षी फेब्रुवारीत सरकारनं चौकशी उघडली तेव्हा त्यांच्याकडे अशा तक्रारी होत्या 124. हजार नाहीत, लाख नाहीत, एकशे चोवीस. काही दिवसांतच कंपनीनं जगभरातल्या चार लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या, त्यात लेक्ससची एक लक्झरी गाडीही होती. दोष होता एबीएसच्या सॉफ्टवेअरमध्ये. (आमचीच जात!) आणि त्याआधी, जानेवारीपासून कारखान्यातून निघणाऱ्या नव्या गाड्यांत कंपनीनं ते सॉफ्टवेअर गुपचूप सुधारलेलं होतं. जुन्या मालकांना तेव्हा कुणी काही सांगितलं नव्हतं.

लक्झरी एसयूव्ही म्हणजे सुरक्षित, असंही धरून चालू नका. 2022 मध्ये मर्सिडीजनं एमएल, जीएल आणि आर-क्लास या मालिकांतल्या जगभरातल्या सुमारे दहा लाख जुन्या गाड्या परत बोलावल्या. ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरवर एक रबरी आवरण होतं, त्याखाली ओल साचून धातू गंजत होता. गंज फार वाढला तर क्वचित पेडल आणि ब्रेक यांचा संबंधच तुटू शकेल, अशी भीती होती. अमेरिकेतल्या जवळपास तीन लाख मालकांना तर ‘गाडी चालवूच नका, आम्ही ओढून नेतो’ असं कळवलं गेलं. कंपनीनं हे केलं ते योग्यच. पण त्यांतल्या सगळ्यात जुन्या गाड्या तोवर पंधरा वर्षांहून जास्त काळ रस्त्यावर होत्या.

आखाती देशांतल्या वाचकांना एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. फोर्ड एक्सप्लोररवरचे फायरस्टोनचे टायर धावता धावता सोलून निघायचे, गाड्या उलटायच्या. अमेरिकेत 271 मृत्यूंचा संबंध त्याच्याशी लावला गेला. ऑगस्ट 2000 मध्ये तिथं टायर परत बोलावले. पण त्याच्या वर्षभर आधी, 1999 मध्ये, सौदी अरेबिया आणि आसपासच्या देशांत फोर्डनं हेच टायर बदलून द्यायला सुरुवात केली होती. अमेरिकन सरकारला त्याचा पत्ता नव्हता, कारण परदेशातली मोहीम कळवण्याचं बंधनच नव्हतं. रियाधमधल्या मालकाचं रडगाणं ह्यूस्टनमधल्या मालकापर्यंत पोचलं असतं तर? नोव्हेंबर 2000 मध्ये अमेरिकेनं जो ट्रेड कायदा केला, त्यात दुसऱ्या देशातली अशी मोहीमही पाच कामाच्या दिवसांत कळवणं सक्तीचं झालं. आपल्यासारखे, ज्यांचा एक भाऊ मस्कतला आणि एक बहीण डॅलसला असते, ते तर हे काम कायद्याविनाही करू शकतात.

भारतातल्या नातेवाइकांसाठीही. आपल्याकडे 2012 पासून कंपन्यांची स्वतःहून गाड्या परत बोलवण्याची संहिता होती, पण सक्ती नव्हती. 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात 110-अ हे कलम आलं आणि 1 एप्रिल 2021 पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाडीत सुरक्षेचा दोष असेल तर मालक सरकारच्या वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवू शकतो. तक्रारी ठराविक संख्येच्या पुढे गेल्या की चौकशी होऊ शकते, गाड्या सक्तीनं परत बोलावता येतात, कंपनीला एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. पण संख्या भरायला आधी कुणीतरी लिहायला हवं ना! आपल्याकडे गॅरेजवाल्या ओळखीच्या मिस्त्रीकडून काम करून घेतलं की विषय संपतो. मिस्त्री हुशार असतो, गाडी ठीकही होते. दोष मात्र कुठेच नोंदला जात नाही.

अण्णांच्या भाषेतली वही कशी ठेवायची, तर इतकंच. सर्व्हिस सेंटरला तोंडी सांगू नका. आपलं म्हणणं आपल्या शब्दांत वर्क ऑर्डरवर लिहून घ्या. त्यांनी काही केलं नाही, पैसे घेतले नाहीत, तरी तारीख आणि मायलेज असलेला कागद मागा. तो न घेता किल्ली हातात घेऊ नका. इथल्या राज्याराज्यांत सदोष नव्या गाडीसाठी ‘लेमन लॉ’ आहे. तपशील प्रत्येक राज्यात वेगळे, पण दुरुस्तीचे कागद सगळीकडे लागतात. माझ्या पहिल्या तीन फेऱ्या कायद्याच्या हिशेबात झाल्याच नव्हत्या. आणि पेडल बसत असेल तर तपासून होईपर्यंत गाडी चालवू नका. मी तीन आठवडे चालवली, लेकीला घेऊन, तो मूर्खपणा होता.

एवढं लिहून थांबणार होतो, पण एक गोष्ट राहिली. मला खासगी मेसेज करणाऱ्या पाचांपैकी एकानं गेल्या महिन्यात गाडी विकली. आमच्याच ग्रुपवर. नव्यानं आलेलं जोडपं, सहा महिन्यांचं बाळ. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘एक्सलंट कंडिशन, सगळी सर्व्हिस डीलरकडे’. खोटं काहीच नव्हतं. डीलरनं नॉर्मलच म्हटलं होतं. मी जाहिरात पाहिली, अंगठा दाखवून पुढे गेलो. ‘सकाळी ती गाडी घेणारा दुसराच असायचा’, हे दोन दिवसांनी जेवताना आठवलं, आणि घास घशाखाली उतरेना.

त्या मुलाला फोन केला. विकणारा माझा मित्र, म्हणून आधी त्याला सांगितलं. तो चिडला. “तुझं मिटलंय ना? मग कशाला लोकांच्या भानगडीत?” अजून बोलत नाही माझ्याशी, गणपतीच्या मीटिंगला समोरासमोर बसलो तरी वर्गणीचं सोडून एक शब्द नाही. बाकीच्या चौघांपैकी दोघांनी तक्रार नोंदवली. एक त्यांतला ग्रीन कार्डवाला.

त्या मुलाला म्हटलं, “घरासमोर सपाटीवर गाडी उभी कर, इंजिन चालू ठेव, ब्रेकवर पाय हलका ठेव, मिनिटभर.” तो फोन चालू ठेवूनच खाली गेला. मागे बाळ रडल्याचा आवाज येत होता. मी घड्याळाकडे पाहत होतो. चाळीस सेकंदांनी तो म्हणाला, “दादा, हे खाली जातंय.”

शनिवारी आम्ही दोघं मिळून सर्व्हिस सेंटरला गेलो. अ‍ॅडव्हायझर तोच, कॉफी तीच. त्यानं “काय त्रास आहे?” असं विचारून कीबोर्डवर बोटं ठेवली. त्या मुलानं खिशातून कागद काढला आणि म्हणाला, “मी वाचतो, तुम्ही जसंच्या तसं टाइप करा.”